गाठीतील जनुक तपासून औषध ठरवताना

आमच्या काजू या कुत्रीच्या मांडीवरील गाठ कर्करोगाची निघाली आणि तिच्यावरचे औषध त्या गाठीतील जनुकाची तपासणी करून ठरवले गेले, हे कळल्यापासून खानापूर, बेळगाव आणि अगदी निपाणीकडचेही श्वानपालक मला विचारत असतात की अशी तपासणी आपल्या भागात राहून करता येते का, ती केव्हा करावी आणि तिच्यामुळे खरोखर काही फरक पडतो का. प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तरे देण्यापेक्षा सगळा क्रम एकदा नीट लिहावा, असे वाटले. मी पशुवैद्य नाही. खानापुरातील एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेले समजून घेण्याची आणि शंका विचारण्याची सवय आहे, एवढेच. येथे आलेली औषधाची मात्रा काजूपुरती ठरवलेली होती. ती कोणीही आपल्या जनावराला स्वतःहून देऊ नये.

काजू ही लॅब्रॅडोर जातीची कुत्री. चंदगडकडच्या नातेवाइकांनी ती पिल्लू असताना आम्हाला दिली. नाव तिच्या रंगावरून पडले. वयाच्या आठव्या वर्षी, पावसाळ्यात, अंगावर गोचिडी आहेत का ते पाहताना मागच्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला कातडीतच बसलेली एक गाठ माझ्या हाताला लागली. या जातीच्या कुत्र्यांना उतारवयात चरबीच्या गाठी येतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात, असे ओळखीच्या श्वानपालकांनी सांगितले, आणि ते खरेही आहे. परंतु ही गाठ सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरीच दिसे. काजूने ती जागा चाटली किंवा पायाने खाजवली की गाठ फुगे, भोवतालची कातडी लाल होई आणि काही तासांनी सूज ओसरे. टिळकवाडीतील आमच्या पशुवैद्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी गाठ दाबून पाहण्याचे टाळले आणि त्याच भेटीत सुईने नमुना घ्यायचे ठरवले. त्यांना मास्ट सेलच्या गाठीची शंका आली होती. मास्ट सेल या ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेणाऱ्या पेशी. त्यांच्यात हिस्टामिन आणि इतर रसायनांनी भरलेल्या कणांचा साठा असतो. अशा पेशींची गाठ चोळली गेली की ती रसायने बाहेर पडतात आणि सूज येते. कुत्र्याच्या कातडीवरील गाठ अशी लहान-मोठी होत असेल तर ती चरबीची समजून थांबू नये, असे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते.

डॉक्टरांनी बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून त्या काचपट्ट्यांवर पसरल्या. दोन पट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर त्यांनी मलाही पाहायला बोलावले. गोल पेशी होत्या, आणि त्यांच्यात इतके जांभळे कण की काहींचे केंद्रकही झाकून गेलेले. मास्ट सेल ट्यूमरचे निदान होण्यास एवढे पुरेसे होते. उरलेल्या पट्ट्या मात्र त्यांनी न रंगवता हवेत वाळवल्या, त्यांच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने काजूचे नाव आणि तारीख लिहिली, कारण शाईची अक्षरे अल्कोहोलने निघून जातात, आणि त्या डबीत ठेवून दिल्या. "राहू देत मॅडम, पुढे लागल्या तर आहेत," असे ते म्हणाले. त्यांच्या या सवयीचे मोल पुढे कळले, आणि ही हकीकत लिहिण्यामागचे तेही एक मोठे कारण आहे.

हा रोग पसरतो तेव्हा बहुधा आधी जवळच्या लसिका ग्रंथीत आणि मग प्लीहा व यकृतात जातो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी गुडघ्यामागच्या ग्रंथीतून सुईने नमुना घेतला गेला आणि पोटाची सोनोग्राफी झाली. तेव्हा कोठेही काही आढळले नाही. गाठ हाताळताना एकदम हिस्टामिन सुटू नये म्हणून भूल देण्याआधी त्याविरुद्धचे इंजेक्शन दिले. अशी गाठ काढताना सर्व बाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालच्या बाजूस स्नायूवरील आवरणाचा एक थर काढायचा असतो. बाजूंची मर्यादा राखता आली, खालची बाजू मात्र डॉक्टरांना शंकास्पद वाटली, म्हणून त्यांनी तेथे टाक्याची खूण करून काढलेला सगळा भाग फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रावणात ठेवला.

नमुना पुण्यातील पशु-विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जायचा होता. बेळगावहून पुणे सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि बेंगळुरू पाचशे, त्यामुळे आमच्या भागातील पुष्कळ नमुने राष्ट्रीय महामार्गाने उत्तरेकडेच जातात. पण त्याच आठवड्यात गणेशोत्सव सुरू झाला, शहरातील बहुतेक व्यवहार मंदावले, पार्सल निघायला आणि पुढे पोहोचायलाही उशीर झाला. परिणामी एक-दोन दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहायला हवे असलेले ऊतक त्यात कितीतरी जास्त काळ पडून राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहण्यासाठी याने फारसे बिघडत नाही. डीएनए तपासायचा असेल तर बिघडते, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए आणि प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि काळ जाईल तसे डीएनएचे तुकडे पडत जातात. त्या वेळी आम्ही कोणीच डीएनएचा विचार करत नव्हतो.

अहवाल आला तो दोन पद्धतींनी प्रत लावून. पहिली पद्धत अमिय पटनाईक यांनी १९८४ मध्ये मांडलेली तीन श्रेणींची. तिच्यात काजूची गाठ दुसऱ्या श्रेणीत होती, आणि याच मधल्या श्रेणीत बहुसंख्य गाठी बसत असल्याने पुढचा अंदाज बांधता येत नाही. दुसरी पद्धत किउपेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली, फक्त उच्च आणि निम्न अशा दोन श्रेणींची. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालील दहा क्षेत्रांत विभाजन होत असलेल्या सात किंवा अधिक पेशी दिसल्या तर गाठ उच्च श्रेणीची ठरते. काजूची गाठ या पद्धतीने उच्च श्रेणीची निघाली, आणि खालच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोहोचल्या होत्या. त्याच अभ्यासात उच्च श्रेणीच्या गाठी असलेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या काळात निम्मी कुत्री दगावतात तो काळ, चार महिन्यांपेक्षा कमी आणि निम्न श्रेणीत दोन वर्षांपेक्षा अधिक आढळले होते. हे आकडे डॉक्टरांनी मला विचारल्याशिवाय सांगितले नाहीत. मी विचारले आणि त्यांनी लपवले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

जनुकीय तपासणीचा विषय मीच काढला, कारण मधल्या काळात त्याविषयी बरेच वाचले होते आणि अनेक जनुके एकाच वेळी तपासणाऱ्या संचांची माहितीही मिळवली होती. डॉक्टरांनी लगेच होकार दिला नाही. "मॅडम, टेस्ट करायची की नाही ते नंतर ठरवू. आधी हे सांगा, उत्तर हो आलं तर आपण काय करणार आणि नाही आलं तर काय वेगळं करणार?" असे त्यांनी विचारले आणि एका कागदावर मधोमध रेघ मारली. पुढे प्रत्येक वेळी आम्ही हाच कागद वापरला. त्या दिवशी त्यावर असे उतरले: पुन्हा शस्त्रक्रिया करून खालचा भाग काढणे मांडीच्या त्या जागी अवघड होते, आणि जनावरांसाठी किरणोपचाराची सोय आमच्या आवाक्यात नव्हती. राहिली औषधे. एक वाट व्हिन्ब्लास्टिन या केमोथेरपीच्या इंजेक्शनाची, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. दुसरी वाट टायरोसिन कायनेज, म्हणजे पेशीला वाढीचा आदेश देणारी प्रथिने, रोखणाऱ्या गोळ्यांची. दोन्हींपैकी आधी कोणती धरायची हे ठरवण्यासाठी किट या एकाच जनुकाची तपासणी उपयोगी होती. बाकीच्या जनुकांचे काहीही उत्तर आले असते तरी कागदावर नवे काही लिहिले जाणार नव्हते. म्हणून मोठा संच बाजूला पडला आणि एका जनुकाची, तुलनेने पुष्कळ स्वस्त, तपासणी करायचे ठरले.

किट जनुकावरून जे प्रथिन तयार होते ते मास्ट सेलच्या पृष्ठभागावर असते. शरीरातील एक ठरावीक संदेश-प्रथिन त्याला येऊन चिकटले की पेशीला वाढण्याचा आदेश मिळतो, एरवी ते प्रथिन स्वतःलाच आवरून धरते. या आवरून धरण्याचे काम ज्या भागाकडे आहे तो जनुकाच्या एक्झॉन ११ मध्ये लिहिलेला असतो. एक्झॉन म्हणजे जनुकातील असे तुकडे ज्यांवरून प्रथिन तयार होते. काही गाठींत याच ठिकाणचा डीएनएचा तुकडा लागोपाठ दोनदा लिहिला जातो. मग प्रथिनाचा लगाम सुटतो आणि कोणताही संदेश न येता वाढीचा आदेश अखंड चालू राहतो. वर्गात हे सांगताना मी शेतातल्या मोटरीचे उदाहरण देते: स्टार्टर अडकून बसला की बटण कोणी दाबलेले नसतानाही मोटर चालूच राहते आणि पाणी बांध फोडून जाते. कुत्र्यांच्या मास्ट सेल गाठींपैकी साधारण चारांत एका गाठीत किट जनुकातील असा सक्रिय करणारा बदल सापडतो, आणि उच्च श्रेणीच्या गाठींत त्याचे प्रमाण अधिक असते. इतक्या नेमक्या जागी बोट ठेवता येते याचे एक कारण असे की कुत्र्याचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो टाशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा होता, आणि बॉक्सर ही या गाठी वारंवार होणाऱ्या जातींपैकीच एक.

औषधांचा पुरावाही डॉक्टरांनी समोर ठेवला. टोसेरॅनिब, म्हणजे वर सांगितलेल्या गोळ्यांपैकी एक, हे कुत्र्यांच्या कर्करोगासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेले पहिले औषध, वर्ष २००९. त्याच्या चाचणीत ज्यांच्या गाठीत किट जनुकाचा बदल होता अशा सुमारे ६० टक्के कुत्र्यांच्या गाठी आटल्या किंवा नाहीशा झाल्या. बदल नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. म्हणजे बदल नसला तर औषध निरुपयोगी, असे म्हणता येत नाही. पण शक्यता जवळजवळ निम्मी होते. माणसांच्या रक्ताच्या एका कर्करोगावर वापरले जाणारे, त्याच गटातील इमॅटिनिब जपानमधील पशुवैद्यांनी मास्ट सेल गाठी असलेल्या २१ कुत्र्यांना देऊन पाहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दहा कुत्र्यांना लाभ झाल्याची नोंद आहे, आणि एक्झॉन ११ मध्ये दुहेरी तुकडा असलेल्या पाचही कुत्र्यांना लाभ झाला होता. संख्या लहान आहे आणि तिच्यावर किती भार टाकायचा हे ज्याने त्याने ठरवावे. टोसेरॅनिब आम्हाला जवळपास कोठे मिळाले नाही, इमॅटिनिब मात्र बेळगावात मिळत होते, म्हणून आमच्या दृष्टीने या छोट्या अभ्यासाला मोठे वजन आले.

तपासणीसाठी गाठीचा मेणातला ठोकळा लागतो. त्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. तो विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहतो, आणि डॉक्टरांचे पत्र दिल्यावर तो किंवा त्याचे पातळ काप पुढे पाठवले जातात. आमचा ब्लॉक दुसऱ्या राज्यातील रेण्वीय निदानाच्या, म्हणजे डीएनए तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत गेला. काही दिवसांनी उत्तर आले की डीएनए फार तुटलेला असल्यामुळे तपासणी वाचता येत नाही. बदल आहे की नाही, यांपैकी काहीच कळले नव्हते. मी हबकून गेले, कारण याच सुमारास काजूच्या व्रणाशेजारी कातडीत बारीक गाठी जाणवू लागल्या होत्या आणि गुडघ्यामागची ग्रंथी मोठी झाली होती. पुन्हा तुकडा काढायचा म्हणजे पुन्हा भूल. तेव्हा डॉक्टरांनी त्या डबीतील न रंगवलेल्या पट्ट्या काढल्या. सुईने काढून वाळवलेल्या पेशींना फॉर्मॅलिन लागलेले नसते, त्यामुळे त्यांतील डीएनए बरेचदा ब्लॉकपेक्षा चांगल्या स्थितीत असतो, आणि किट जनुकाच्या तपासणीला एवढ्या पेशी पुरतात. प्रयोगशाळेशी आधी फोनवर बोलून, पट्ट्या प्लॅस्टिकच्या कडक डबीत नीट बसवून, बाहेर कापूस लावून आम्ही त्या पाठवल्या. जनावराला गाडीत घालून कोठेही न्यावे लागले नाही, हे दूर राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. प्रवास काचेच्या पट्टीने केला.

या वेळी निकाल स्वच्छ आला. पीसीआर पद्धतीने जनुकाचा तो भाग असंख्य पटींनी वाढवून जेलमध्ये सोडतात, तेथे लहान तुकडा पुढे पळतो आणि लांब तुकडा मागे राहतो. निरोगी ऊतकात एकच पट्टा दिसतो. काजूच्या नमुन्यात दोन दिसले, एक नेहमीच्या जागी आणि एक त्याच्या मागे, म्हणजे तुकडा दुहेरी झालेला. एक्झॉन ८ मध्ये बदल नव्हता, एक्झॉन ११ मध्ये होता. या निकालाला दोन बाजू आहेत आणि डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्या: एक्झॉन ११ मधील हा बदल असलेल्या गाठी अधिक आक्रमक वागतात, ही वाईट बाजू, आणि त्याच बदलावर नेम धरणारे औषध हाताशी आहे, ही चांगली. मला त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकदम मनात धरणे जमेना. शाळेतून सुट्टी घेतली आणि घरी तिच्याजवळ बसून राहिले.

सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. पहिला, "माणसांचं औषध कुत्रीला कसं चालंल?" दुसरा, "तिच्या पिल्लांना हे होणार काय?" काजूला एकदा पिल्ले झाली होती आणि ती नंदगड, लोंढा अशी ओळखीच्या घरी दिलेली आहेत, त्या घरांतूनही घाबरून फोन येऊ लागले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. गाठीतील हा बदल जन्मापासूनचा नाही. तो आयुष्यात कधीतरी एका पेशीत घडला आणि तिच्याच वंशात राहिला. काजूच्या रक्तात, बीजांडांत किंवा पिल्लांत तो उतरलेला नाही. लाळेचा नमुना पाठवून कुत्र्याची जात किंवा वंशागत दोष शोधतात ती तपासणी निराळी. तिचाही कर्करोगाच्या उपचारात उपयोग होतो, पण तो दुसऱ्या कारणासाठी: कोली आणि तत्सम मेंढपाळ जातींत एमडीआर१ या जनुकाचा वंशागत दोष आढळतो, आणि तो असलेल्या कुत्र्यांना व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधे नेहमीच्या मात्रेतही घातक ठरू शकतात. गोचिडी आणि खरजेवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिनही अशा कुत्र्यांना जास्त मात्रेत बाधते. ज्यांच्या घरी अशा जातीचा किंवा तिच्या संकराचा कुत्रा आहे त्यांनी ही तपासणी उपचारांच्या आधी जरूर विचारावी.

सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या दुकानातही द्यावे लागले. कर्करोगाची औषधे ठेवणाऱ्या बेळगावातील दुकानात चिठ्ठी दिली तेव्हा दुकानदारांनी रुग्णाचे वय विचारले, आणि कुत्री आहे असे सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. हे त्यांनी योग्यच केले. किटचे प्रथिन माणसात आणि कुत्र्यात फार सारखे आहे आणि इमॅटिनिब त्याच्या ज्या खाचेत जाऊन बसते ती खाचही सारखी, म्हणून औषध चालते. मात्रा व दुष्परिणाम मात्र वेगळे. आम्हाला ते परवडले यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निर्णय आहे. या औषधाच्या सुधारित रूपाचे पेटंट नोव्हार्टिस कंपनीला नाकारले गेले आणि भारतीय कंपन्यांची जेनेरिक इमॅटिनिब बाजारात कायम राहिली. त्या काळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि भारतीय जेनेरिकचा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितला जात असे. रक्ताच्या कर्करोगाच्या हजारो रुग्णांसाठी झालेल्या त्या लढ्याचा आधार खानापुरातील एका कुत्रीलाही मिळाला, याची जाणीव मला गोळ्या विकत घेताना दरवेळी होत असे.

काजूला दर किलो वजनामागे सुमारे दहा मिलिग्रॅम या हिशेबाने, दिवसातून एकदा, जेवणासोबत गोळ्या सुरू झाल्या. सोबत प्रेडनिसोलोन होते, आणि हिस्टामिनमुळे पोटात आम्ल वाढून जठरात व्रण होऊ शकतात म्हणून फॅमोटिडीन. घरात शाळकरी मुलगी असल्याने डॉक्टरांनी नियम कडक घालून दिले. गोळी फोडायची किंवा चुरायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची, विष्ठा आणि उलटी हातमोजे घालून उचलायची, गरोदर स्त्रीने या कामाला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात तिला दोनदा उलट्या झाल्या आणि ती भाताला तोंड लावेना. जेवणाचे दोन भाग करून पहिल्या भागानंतर गोळी दिल्यावर तो त्रास कमी झाला. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासले जाई. त्यात पांढऱ्या पेशी आणि यकृताचे एन्झाइम पाहायचे, शिवाय लघवीतील प्रथिने.

गाठी मोजण्याचे काम मी घेतले. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर काही दिवस घरी आणला, मग नवा विकत घेतला. दर रविवारी त्याच वेळी, तिला त्याच कुशीवर निजवून, प्रत्येक गाठीची लांबी-रुंदी आणि ग्रंथीचा व्यास वहीत लिहीत असे. दोन आठवड्यांच्या आतच बारीक गाठी सपाट होऊ लागल्या. महिन्याभरात त्या बोटाला जाणवेनाशा झाल्या आणि ग्रंथी जवळजवळ निम्म्यावर आली. डॉक्टर वहीतले आकडे पाहून एकदम काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतः पुन्हा मोजले आणि मग हसले. त्यानंतरचे कितीतरी महिने काजू दिवाळीत, उन्हाळ्यात, पुन्हा पावसाळ्यात आमच्याबरोबर मलप्रभेच्या काठाने फिरली. उच्च श्रेणीच्या गाठीच्या त्या आकड्यांपुढे हा काळ मोठा आहे.

दवाखान्यातील बाकावर बसून इतर जनावरांच्या हकिगतीही ऐकल्या, आणि तपासणी केव्हा नको हेही तेथेच समजले. एका शेतकऱ्याची कुत्री जननमार्गातील रक्ताळ गाठीसाठी आली होती. हा संसर्गाने पसरणारा कर्करोग भटक्या कुत्र्यांत पुष्कळ दिसतो. समागमातून प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, आणि या सर्व पेशी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या वंशातल्या आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशींत पुष्कळ कमी. विज्ञानाच्या दृष्टीने याइतकी विलक्षण गोष्ट क्वचितच सापडेल, पण उपचारासाठी जनुक तपासण्याची गरज नसते: दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन, आणि बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. उलट एका म्हाताऱ्या कुत्र्याला लघवीतून रक्त जात होते आणि प्रतिजैविकांनी गुण येत नव्हता. त्याच्यासाठी डॉक्टरांनी ब्रॅफ जनुकाची तपासणी सुचवली. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य कुत्र्यांत या जनुकातील एकच ठरावीक बदल सापडतो, तो लघवीत सुटलेल्या पेशींवरून ओळखता येतो, आणि मूत्राशयात सुई घालून रोग पसरवण्याचा धोका टळतो. तेथे तपासणी औषधापेक्षा निदानासाठी उपयोगी पडते.

काजूची ग्रंथी पुन्हा वाढू लागली ती वर्ष उलटण्याच्या सुमारास. वहीत तीन रविवार सलग आकडा चढला आणि सुईच्या नमुन्यात रोगाच्या पेशी दिसल्या. या प्रकारच्या औषधांना कर्करोग कालांतराने दाद देईनासा होतो, हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितले होते. बरेचदा त्याच किट जनुकात दुसऱ्या ठिकाणी आणखी एक बदल घडतो आणि औषधाची खाच बदलते. मी पुन्हा तपासणीचा विषय काढला. डॉक्टरांनी पुन्हा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिले. दुसरा बदल सापडला तर व्हिन्ब्लास्टिन. सापडला नाही तरी व्हिन्ब्लास्टिन, कारण वाढणारी ग्रंथी समोर होती आणि त्या निकालावरून निवडता येईल असे तिसरे औषध आमच्या हाताशी नव्हते. तपासणी केली नाही. ते पैसे इंजेक्शने आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी ठेवले.

व्हिन्ब्लास्टिन शिरेतूनच द्यावे लागते आणि शिरेबाहेर सांडले तर ऊतक जळते, म्हणून प्रत्येक वेळी नवी सुई आणि दोन माणसे पाय धरायला. मात्रा वजनावरून न ठरवता शरीराच्या पृष्ठफळावरून काढतात. आधी चार आठवडे दर आठवड्याला, नंतर दर दोन आठवड्यांनी, असा क्रम आहे. पहिले चार पूर्ण झाले असून ग्रंथी आणखी वाढलेली नाही, शेवटच्या दोन मोजमापांत ती थोडी उतरली आहे. काजूचे वय आता नऊ वर्षांच्या पुढे गेले आहे, ती जेवते, जिना हळू चढते. पुढचे इंजेक्शन रक्ताचा अहवाल पाहून ठरेल. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी असतील तर ते आठवडाभर पुढे ढकलायचे आणि मात्रा कमी करायची, असे डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे.